हत्ती कोणाचा?

मराठीत 'नाव ठेवणे' याचे दोन अर्थ होतात. बारशाला आत्या बाळाचे नाव ठेवते, आणि त्याच बारशाला जेवून गेलेली मंडळी घरी जाताना यजमानांना नावे ठेवतात. क्रियापद एकच. ज्याने कोणी हा शब्दप्रयोग रूढ केला त्याला माणसाची चांगली पारख असली पाहिजे. कशालाही नाव द्यायला गेले की त्यात थोडी निंदा आपोआप मिसळते, हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली. तेही एका हत्तीमुळे कळले.

मी पेशाने बँकेतला कारकून आणि छंदाने बिल्लेवाला. दिवसभर लोकांच्या सह्या ओळखायच्या आणि रात्री जेवणे झाल्यावर भिंग घेऊन पलटणींचे बिल्ले ओळखायचे, असा माझा दुहेरी संसार आहे. बिल्ले म्हणजे हमालाच्या दंडावरचे नव्हेत, शिपायांच्या टोपीवरचे. त्यातही माझा जीव जडला तो स्कॉटिश पलटणींच्या बिल्ल्यांवर. "आपल्याकडचे काय संपले होते का?" हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात विचारला होता. त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

सुरुवात झाली पुण्याच्या जुन्या बाजारात. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मंगळवार पेठेतल्या त्या बाजारात गंजलेल्या पान्यांच्या ढिगात हरणाचे एक डोके दिसले. शिंगे भरदार, खालची पट्टी तुटलेली. "हे काय?" म्हणून विचारले तर दुकानदार म्हणाला, "मिल्ट्री." त्याच्या दृष्टीने वर्गीकरण पूर्ण झाले होते. वीस रुपयांना ते डोके घेतले आणि पुस्तकात चित्र बघून गॉर्डन हायलँडर्सचा बिल्ला म्हणून दोन वर्षे मित्रांना अभिमानाने दाखवले. मग एके दिवशी लक्षात आले की गॉर्डनच्या हरणाभोवती आयव्हीच्या वेलीची माळ असते आणि आमचे हरीण उघडे आहे. म्हणजे ते सीफोर्थ हायलँडर्सचे. दोन वर्षे मी एका घरच्या पोराला दुसऱ्याच घरच्या नावाने हाक मारत होतो! त्या रात्री मला खरोखर झोप आली नाही. ज्यांना हा छंद नाही त्यांना हे वेडेपण वाटेल. ज्यांना आहे त्यांच्याही घरच्यांना ते तसेच वाटते.

या बिल्ल्यांची एक भाषा आहे. आठ टोकांची चांदणी दिसली की ती स्कॉटलंडच्या थिसल या मानाच्या पदवीची असण्याचा संभव. थिसल म्हणजे तिकडचे काटेरी फूल. आपल्या उंटकटाऱ्याच्या नात्यातले. किल्ला असेल तर किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स, डुकराचे डोके आणि रानमांजर असेल तर आर्गाइल, पेटता गोळा असेल तर रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स. बिगुल म्हणजे लाइट इन्फंट्री, मग ती जगात कुठचीही असो. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावरही बिगुल आहेच. मुकुटाची वरची कमान गोल असेल तर साधारण 1901 ते 1952 या राजांच्या काळातला बिल्ला, मध्ये खचलेली असेल तर नंतरचा, राणीचा. आमच्या जुन्नर भागात असलीच विद्या वनखात्याच्या माणसांना येते. गावकरी चिखलातला ठसा दाखवून "बिबट्या!" म्हणून ओरडतात. वनरक्षक शांतपणे वाकून बघतो आणि म्हणतो, "नखं उमटलीत. कुत्रं आहे." बिबट्या चालताना नखे आत घेतो. पण गंमत अशी की, कुत्रे आहे म्हटल्यावर गावकऱ्यांचा जीव भांड्यात पडायला हवा, तर त्यांचा चेहराच पडतो. रात्रभर ज्याला भ्यालो तो कुत्रा निघावा हे कोणाला रुचेल? ओळख बरोबर असणे वेगळे आणि ती हवीशी असणे वेगळे.

तर, हत्ती.

नोव्हेंबर महिना म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्याचा महिना. समोर उभ्या असलेल्या माणसाने आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे आणि आम्ही ते मान्य करायचे किंवा करायचे नाही, असा हा वार्षिक सोहळा असतो. गेल्या काही वर्षांपासून अंगठा यंत्रावर ठेवायची सोय झाली आहे. कुकडीकाठच्या एका गावातल्या आजी त्यासाठी आल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. यजमान मराठा पलटणीत होते, त्यांचे कुटुंबवेतन आमच्या शाखेत जमा होते. नातवाने मोटारसायकलवरून आणले होते. यंत्राने आजींचा अंगठा चार वेळा नाकारला. भात लावून, शेंगा फोडून आणि राखेने भांडी घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच्या पुसून गेल्या होत्या.

"मी न्हाई म्हंतंय व्हय त्ये?" आजींनी विचारले.

"तुम्ही आहात आजी, यंत्रालाच दिसत नाही."

मी कागदाचा फॉर्म काढला. बोलता बोलता विचारले, माहेर कुठले? "आंबेगाव." तालुका का गाव? "गाव. पान्यातलं." आंबेगाव तालुक्याची ही मोठी मौज आहे. तालुक्याचे नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला, आणि खुद्द जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. पाटी शाबूत, गाव गायब. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या खुणा वर येतात, तेवढेच आजींचे माहेरपण.

फॉर्म भरून झाला तेव्हा नातू जरा पुढे झाला. आमच्या शिपायाने त्याला सांगितले होते की हे साहेब बिल्ल्यांमधले जाणकार आहेत. (या शिपायाला मी एकदा चहा पाजता पाजता अडीच तास बिल्ले दाखवले होते. त्याने घेतलेला हा सूड असावा.) आजींनी कमरेच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. हळद, कुंकू आणि वर्षानुवर्षांची चिंच यांचा त्यावर थर होता. थरातून एक हत्ती वर आला होता.

"गनपती हाय," आजी म्हणाल्या. "देवातला."

"पणजोबांना पहिल्या महायुद्धात मिळालं," नातू म्हणाला. "मेसोपोटेमियात. शौर्याबद्दल."

मी भिंग काढले. हत्ती पाहिला आणि क्षणाचाही विचार न करता, सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मद्रास रेजिमेंट!"

नातवाचा चेहरा पडला. "पण पणजोबा मराठ्यात होते."

त्याच्या चेहऱ्यावर मला ते कुत्र्याच्या ठशाकडे बघणारे गावकरी दिसले. मग त्याने आणखी सांगितले. गावाच्या वेशीवर नवी कमान बांधायची आहे, दगडी. गावातून जर्मनच्या लढाईला गेलेल्या माणसांची आठवण म्हणून. 1914 च्या त्या युद्धाच्या आठवणीला इंग्रजांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. साताऱ्याच्या अपशिंग्याला तर नावातच 'मिलिटरी' जोडले गेले. या गावाच्या वाट्याला पाटीही आली नव्हती. म्हणून कमानीवर मधोमध हा बिल्ला मोठा करून कोरायचा, खाली पलटणीचे बरोबर नाव घालायचे, आणि 26 जानेवारीला उद्घाटन. "नाव तुम्ही सांगा," तो म्हणाला. "चुकायला नको."

मी फोटो काढून घेतले आणि आठ दिवसांची मुदत मागितली.

घरी येऊन फोटो मोठे करून बघितले तेव्हा कुंकवाखालून एकेक गोष्ट दिसायला लागली. हत्तीच्या वर पट्टी होती. पट्टीच्या वर बिगुल. मद्रासच्या हत्तीपाशी ढाल आणि दोन तलवारी असतात, बिगुल नसतो. म्हणजे मराठा? बिगुलाच्या वेटोळ्यात तीन अक्षरे एकमेकांत अडकलेली दिसली आणि पाठीमागे आठ टोकांची चांदणी. मुकुटावरून काळ ठरवावा म्हटले तर तो मुकुटच माझ्या नियमात बसेना. स्टार ऑफ इंडिया या किताबाच्या साखळीत जो मुकुट असतो, तो या बिल्ल्याने घेतला आहे. मग मात्र ओळख पटली. हायलँड लाइट इन्फंट्री! वीस वर्षे मी ज्याच्या मागे होतो तो बिल्ला, आणि तो आमच्याच तालुक्यात एका देव्हाऱ्यात नैवेद्य खात बसला होता. मी आनंदाने ओरडलो. सौभाग्यवतींनी दूध उतू गेल्याच्या सुरात विचारले, "काय झालं?" मी सांगायला तोंड उघडले आणि तसाच बसलो. कारण पट्टीवर लिहिलेला शब्द आता वाचता येत होता. असई.

असई हे जालना जिल्ह्यातले गाव. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. पण त्याला स्वतःला आपली सर्वांत मोठी कामगिरी असईचीच वाटे, असे सांगतात. त्याच्या सैन्यात स्कॉटिश हायलँडर्सच्या दोन पलटणी होत्या, 74 वी आणि 78 वी. 74 वी चुकून सरळ असई गावाच्या तोफांपुढे गेली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. उरलेल्यांना मान म्हणून हत्तीचे चिन्ह मिळाले. 1881 साली लंडनच्या सरकारने पलटणींचे विलीनीकरण केले तेव्हा 71 वी आणि 74 वी मिळून हायलँड लाइट इन्फंट्री झाली. 71 वीचा बिगुल आला आणि 74 वीचा हत्ती आला. 78 वी गेली सीफोर्थमध्ये, म्हणजे माझ्या जुन्या बाजारातल्या हरणाकडे.

विलीनीकरणाचे दुःख आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगायला नको. 2020 सालच्या 1 एप्रिलला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. पाट्या उतरल्या, पासबुके बदलली, आणि म्हातारे खातेदार अजून आपल्या बँकेला जुन्याच नावाने ओळखतात. हायलँड लाइट इन्फंट्रीलाही 1959 मध्ये रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्समध्ये मिसळले. तेव्हा नव्या पलटणीने किल्ट घालायचा की चौकटीच्या विजारी, यावरून मोठे रणकंदन झाले. 2006 मध्ये तर स्कॉटिश लाइन पायदळाच्या सगळ्याच पलटणी एका छत्राखाली आणल्या आणि सर्वांच्या टोपीवर एकच बिल्ला आला, फुलीवरचा सिंह. हत्ती तर टोपीवरून त्याआधीच उतरला होता. जुन्नर तालुक्यातल्या एका देव्हाऱ्यात मात्र त्याची रोज पूजा चालू आहे.

पण हा हत्ती कोणत्या पराक्रमाचा? मराठ्यांना हरवल्याचा. आणि तो कोरला जाणार कुठे? जिथून शिवनेरी उघड्या डोळ्यांनी दिसतो अशा गावाच्या कमानीवर, मराठा शिपायाच्या स्मारकावर!

आता सांगा, काय करायचे?

मी आधी आमच्या साहेबांना विचारले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "आपल्या खात्यातला विषय आहे का? नाही ना? मग बोलू नका." बँकेत हे सर्व प्रश्नांचे उत्तर असते. सौभाग्यवती म्हणाल्या, "देवातल्या वस्तूला नावं ठेवू नयेत." यात त्यांना पहिला अर्थ अभिप्रेत होता की दुसरा, हे मला त्या दिवशी खरोखरच कळले नाही.

वाणिज्य शाखेच्या माणसाला चुकांचे प्रकार शिकवलेले असतात. नोंद राहून जाणे, चुकीच्या खात्यात जाणे, तत्त्वाचीच चूक होणे. या सगळ्यांत फसवी म्हणजे एकमेकींना झाकणाऱ्या चुका. इकडे शंभर रुपये जास्त, तिकडे शंभर रुपये जास्त. तेरीज अगदी बिनचूक जुळते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे, हे आमचे प्राध्यापक फळ्यावर खडू आपटून सांगत. या घरची तेरीज शंभर वर्षे जुळलेली होती. बिल्ला चुकीचा, गणपती चुकीचा, शौर्याची कथा बहुधा चुकीची. पण बेरीज काय, तर एक माणूस समुद्रापार लढायला गेला होता आणि त्याची आठवण रोज सकाळी फूल वाहून ठेवली जाते. ही बेरीज बरोबरच होती की! मग मी कोण लागून गेलो लेखापरीक्षक?

एक मन म्हणे, देव्हाऱ्यात असेपर्यंत ठीक. देव्हाऱ्यात शाळिग्राम काय असतो? भूगर्भवाल्याला विचारले तर तो शंखासारख्या जुन्या प्राण्याचा दगड झालेला अवशेष म्हणेल, आणि त्याचे बरोबर असेल. म्हणून पूजा चुकत नाही. पण कमान म्हणजे देव्हारा नव्हे. कमानीवर कोरले की ते पुढच्या माणसांना सांगितले गेले. उद्या कोणी माझ्यासारखाच रिकामटेकडा भिंग घेऊन येईल आणि सगळ्या गावाला हसेल. दुसरे मन म्हणे, हसू दे. मद्रास रेजिमेंटचे शिपाई आजही असईचा हत्ती टोपीवर मिरवतात आणि मराठ्यांच्या खांद्याला खांदा लावून सीमेवर उभे राहतात. कोणाचे काय बिघडले? चिन्हे आपले जन्मगाव विसरतात.

पण सगळीच विसरत नाहीत. आमच्याच जिल्ह्यातला कोरेगावचा स्तंभ घ्या. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर तो स्तंभ होता. पुढे तो काढून तिथे कट्यार आली. त्या एवढ्याशा पितळेत केवढा इतिहास होता! विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्रजांनी 'लढाऊ जमाती' अशी एक यादी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या लष्करात असलेल्या महारांना तिच्यातून वगळले. भरती बंद. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभारली, आणि गरज संपल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. बिल्ला चुकीच्या खणात पडला तर बिल्ल्याला काही होत नाही, उपाशी राहत नाही तो. माणूस चुकीच्या खणात टाकला की त्याच्या नातवंडांपर्यंत त्याची झळ पोचते. आणि आपण तरी काय करतो? गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला "नाव काय?" विचारतो. त्याने नाव सांगितले की "आडनाव?" त्याने तेही सांगितले की "मूळचे कुठले?" तिसऱ्या उत्तराला त्याचा खण पक्का होतो आणि मग आपण निवांतपणे शेंगा सोलायला लागतो. नखे उमटलीत की नाहीत, एवढेच बघायचे असते. मी हे करत नाही असे नाही. बिल्लेवाला असल्यामुळे जरा जास्तच करतो.

डोके शांत व्हावे म्हणून रविवारी नाणेघाटात गेलो. तिथल्या लेण्यात सातवाहनांचे शिलालेख आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. शेजारी दगडाचा मोठा रांजण आहे. घाटाचा कर त्यात जमा करीत असे सांगतात, म्हणजे आमच्या रोखपालांचा तो मूळपुरुषच. लेण्याच्या मागल्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर तिचे नाव कोरलेले होते: सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार, एक महारठी. नावे अजून आहेत. मूर्ती गेल्या, एखाद्या ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. जगात याहून अचूक वर्गीकरण मी पाहिलेले नाही. प्रत्येक चिठ्ठी जागच्या जागी आणि डबे सगळे रिकामे. मी तिथे बराच वेळ बसलो. माकडांनी डबा पळवल्यावर उठलो.

आठव्या दिवशी नातू आजींना घेऊन आला. मी त्यांना जेवणाच्या खोलीत बसवले, शिपायाला चहा सांगितला, आणि पंधरा मिनिटे प्रस्तावना केली. इतिहास मोठा गुंतागुंतीचा असतो, शौर्य कोणाचेही शौर्यच असते, मेसोपोटेमियात गोऱ्यांच्या पलटणी आणि मराठ्यांच्या पलटणी दोन्ही होत्या, वगैरे वगैरे. नातू अस्वस्थ व्हायला लागला. शेवटी मी डोळे मिटून सांगून टाकले, "आजी, हा बिल्ला मामंजींच्या पलटणीचा नाही. गोऱ्यांच्या पलटणीचा आहे."

आजींनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली.

"मंग? त्यो गोऱ्याचाच हाय."

मी डोळे उघडले. नातूही माझ्याइतकाच बघत राहिला.

"मामंजी सांगायचं. कवळं पोरगं व्हतं गोऱ्याचं. पोटात गोळी लागली व्हती. रातभर पानी-पानी करीत व्हतं. मामंजींनी पाजलं. पोट फुटल्याला पानी देऊ नये म्हनत्यात, पर त्ये मरनारच व्हतं. सकाळच्याला त्यानं टोपीचं काढून दिलं. बोलाया येत नव्हतं एकमेकाचं."

"अगं आजी, मग हे आधी का नाही सांगितलंस?" नातू म्हणाला.

"इचारलं कुनी? तुझा बा म्हनायचा मेडल हाय, तुझा आजा म्हनायचा मेडल हाय. बाप्यांच्या गोष्टीत मी कशाला बोलू? मामंजी फकस्त मला बोलले, म्हातारपनी, मी पाय चेपताना."

मी भानावर यायचा प्रयत्न केला. वर्गीकरण करणाऱ्याची सवय वाईट. विचारले, "पण आजी, मामंजींना स्वतःचं पदक मिळालं असेल ना? चांदीचं, गोल? त्याच्या कडेला नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते." त्या युद्धानंतर शिपायांना जे चांदीचे पदक मिळे, त्याच्या काठावर हा सगळा तपशील असे. ते हाती लागले असते तर मामंजींची पलटण कोणती, एकशे तीन की पाच की चौदा, हे एका मिनिटात ठरले असते. कमानीचा प्रश्न सुटला असता.

"व्हतं की. चांदीचं व्हतं म्हनून तर मोडलं," आजी म्हणाल्या आणि नातवाकडे बोट केले. "ह्याच्या बारशाला वाळं केलं त्याचं. सोनार हे हत्तीचं बी न्यायला बघत व्हता. घासून पाह्यलं, मंग म्हनला, खोटं हाय, घेऊन जावा. म्हनून देवात ठिवलं."

नातवाने खाली आपल्या पायांकडे बघितले. रोज पहाटे भरतीसाठी पळतो तो. पायात जाड तळव्यांचे बूट होते.

मी आजींना एकच विचारायचे राहिले होते ते विचारले. मग गणपती कसा काय?

"आता हत्ती हाय," त्या म्हणाल्या, "तर दुसरं काय म्हनायचं?" आणि बिल्ला फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. चिंचेने घासायचा होता. मी हात जोडून सांगितले की आजी, चिंच लावू नका, पितांबरी तर मुळीच नको, नक्षी झिजते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की देव पारोसा ठेवायला सांगणारा हा कुठला कारकून?

26 जानेवारीला मी गावाला गेलो होतो. कमान झाली आहे. लढाईला गेलेल्या अकरा जणांची नावे आहेत. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून विचारून जमवलेली. त्यातली दोन नुसतीच, आडनावाशिवाय. पलटणीचे नाव घातलेले नाही. बिल्लाही नाही. मी बिगुल सुचवला होता, म्हणजे मराठ्यांचाही झाला आणि त्या गोऱ्या पोराचाही; पण तरुण मंडळाला तो बँडवाल्यासारखा वाटला. शेवटी पाथरवटाने मधोमध गणपती कोरला. कमानीवर गणपती असतोच.

आजी खुर्चीवर बसून वर बघत होत्या. मला म्हणाल्या, "आमच्यावानीच झालाय न्हाई?"

बिल्ल्यावरचा हत्ती चार पायांवर आडवा उभा आहे आणि हा मांडी घालून समोर बघत बसला होता. मी "अगदी तसाच" म्हणालो.